पदरचं घालू नकोस

हेम्या, परवा तुझ्या शोकसभेत मी बोलायला उभा राहिलो आणि पहिल्या वाक्यानंतर डावीकडे बघितलं. तीस वर्षांची सवय. डावीकडे तू नव्हतास. सतरंज्यांची चवड होती आणि तिच्यावर हॉलच्या वॉचमनचा डबा. त्या डब्याकडे मी इतका वेळ बघत राहिलो की लोकांना वाटलं, मला गहिवरून आलंय. दोन-चार जणांनी डोळेही पुसले. सभेनंतर आपल्या नाटकांतली शैला माझ्याजवळ येऊन म्हणाली, "नंदू, काय पॉज घेतलास रे!"

तो पॉज नव्हता. मी वाक्य विसरलो होतो आणि तू ते सांगशील म्हणून वाट बघत होतो.

प्रॉम्प्टर ही जमात आता नाटकातून जवळजवळ नाहीशी झालीय. स्पर्धेला उतरणाऱ्या बाकीच्या संस्थांमधली पोरं चोख पाठांतर करून येतात. आपल्याकडे मात्र डाव्या विंगेत एक खुर्ची, एक मिणमिणता दिवा आणि संहितेची फाइल घेऊन तू शेवटपर्यंत बसत राहिलास, कारण आपल्या संस्थेत मी होतो. दिवसभर मेन रोडवरच्या दुकानात चष्मे विकायचे, संध्याकाळी पंचवटीतल्या शाळेच्या हॉलमध्ये तालमीला यायचं आणि पाठ न केलेले संवाद पाठ असल्याच्या थाटात म्हणायचे, असा माझा शिरस्ता. संवाद आठवला नाही तर मी थांबत नसे. तिथल्या तिथे नवा तयार करीत असे. लोक टाळ्याही वाजवायचे. तू, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारा काटेकोर माणूस, विंगेत दात-ओठ खायचास. "पदरचं घालू नकोस," हा तुझा एकच धर्म. माझ्या मुलीच्या लग्नात मी मंगलाष्टक म्हणायला माईक हातात घेतला, तेव्हाही मागून तुझी कुजबुज आली होती, "नंद्या, पदरचं घालू नकोस."

आणि तो बाप मरण्याचा प्रवेश! मी खाटेवर. संहितेप्रमाणे तीन वाक्यं बोलून मी मान टाकायची होती. पण समोर हॉल भरलेला, लोक रडायला लागलेले, अशा वेळी कोण मरतो? मी पोराला उपदेश केला, सुनेला आशीर्वाद दिला, गाईची चौकशी केली. त्या नाटकात गाय नव्हती. पडदेवाल्याने दोनदा दोरीला हात घालून दोनदा सोडला. शेवटी विंगेतून तुझा आवाज आला, "नंद्या, मर आता." पहिल्या तीन रांगांनी तो ऐकला. परीक्षकांनीही.

तुझी दाद म्हणजे शांतता. विंगेतून काही आलं नाही की समजायचं, वाक्य बरोबर गेलं. तीस वर्षांत मला ती दाद फार थोड्या वेळा मिळाली.

काहीतरी बिघडलंय हे पहिल्यांदा जाणवलं तेही रंगमंचावरच. मी अडलो, डावीकडे बघितलं, आणि तुझ्याकडून वाक्य आलंच नाही. मी नेहमीप्रमाणे वेळ मारून नेली. मध्यंतरात तुला झापायला आलो तर तू उजव्या हाताचा अंगठा डाव्या हातानं चोळत होतास. "पान उलटलं नाही रे," म्हणालास. "चिकटलं होतं." मी फाइल उचलून बघितली. पान चिकटलेलं नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे बघितलं, आणि मी विषय बदलून चहावाल्याची नक्कल केली.

नंतर तपासण्या झाल्या आणि त्या आजाराचं नाव आलं. मोटर न्यूरॉन डिसीज. नाशिकमध्ये कुठलीही गंभीर गोष्ट मिसळीशिवाय बोलली जात नाही, म्हणून रविवारी सकाळी तू मला आणि शैलाला गंगापूर रोडला मिसळ खायला बोलावलंस आणि बारावीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलंस: स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. बुद्धी शाबूत राहते. औषध असं नाही. शैला, जिनं आपल्या प्रत्येक नाटकात आईची भूमिका केली आणि मागितल्या वाक्याला डोळ्यांत पाणी आणून दाखवलं, तिला त्या दिवशी पाणी आलं नाही. ती नुसती पाव चुरत बसली.

मग तूच म्हणालास, "एक चाचणी चालू आहे मुंबईत. मूळपेशींची."

"ते काय असतं?" मी विचारलं.

"मूळपेशी म्हणजे अजून भूमिका न मिळालेला नट," तू म्हणालास. "बाकीच्या पेशी आपापल्या कामात अडकलेल्या. कातडीची ती कातडीच करणार, यकृताची यकृतच. ही मात्र मोकळी. नीट हाताखाली पडली तर तिच्यातून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात."

"म्हणजे मेलेल्या चेतापेशींच्या जागी नव्या?"

"ते स्वप्न झालं. सध्या एवढीच आशा आहे की ह्या आत जाऊन उरलेल्यांना थोडा आधार देतील. आणखी काही काळ तग धरता येईल. कदाचित."

"कदाचित म्हणजे?"

"कदाचित म्हणजे कदाचित. म्हणून तर चाचणी."

"आणि भूमिका मिळालीच नाही तिला, तर?"

"काही वेळा मग ती नुसती वाढत सुटते. गाठ होते. सगळं स्टेज व्यापून बसते आणि दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही." तू वाटीत रस्सा ओतून घेतलास. "तू ओळखतोस तिला."

शैला म्हणाली, "पण त्या गर्भातून काढतात ना? मग मला नाही पटत. कुणाचं तरी बाळ झालं असतं ते." मी तिला हसायला तोंड उघडलं आणि तू मला हातानं गप्प केलंस. म्हणालास, "माझ्या माझ्याच हाडातल्या काढणार आहेत, शैला. पण तुझा प्रश्न खरा आहे. काही पेशी चार-पाच दिवसांच्या गर्भातून घेतात. प्रयोगशाळेत तयार झालेला, कुणालाच नको असलेला, नाहीतर टाकून दिला जाणारा. त्याला बाळ म्हणायचं का, ह्यावर फार मोठी माणसं भांडतायत. आणि ज्याला आजार झालाय त्याला विचारशील तर तो म्हणेल, लवकर भांडा." मग "मला स्वतःला उत्तर माहीत नाही," असंही म्हणालास. शिक्षक माणसानं इतक्या सहज "माहीत नाही" म्हणावं, ह्याचा मला तेव्हा राग आला होता. आज त्याचीच आठवण सगळ्यांत जास्त येते.

मला तुझी चाचणी नको होती. मला चमत्कार हवा होता, आणि तो माझ्या मोबाईलमध्ये आला होता. कुठल्याशा शहरातला दवाखाना. व्हीलचेअरमधला माणूस, मागे सतारीचे सूर, आणि बघता बघता तो माणूस उठून चार पावलं चालतो. "मूळपेशींनी नवे जीवन!" पैसे भरपूर मागत होते, पण आपण सगळे मिळून भरणार होतो. मी तुझ्या घरी येऊन टेबलावर मोबाईल उभा केला आणि नाटकाचा मुहूर्त करावा तसा तो व्हिडिओ लावला.

तू तो दोनदा बघितलास. मग म्हणालास, "चपलेचा तळवा बघ."

"कुणाच्या?"

"पेशंटच्या. पाय उचलतो तिथं थांबव. टाच झिजलीय की नाही? व्हीलचेअरवरच्या माणसाची चप्पल झिजत नाही, नंद्या. ह्याला कुणीतरी स्टँडवरून पकडून आणलाय. आणि नट वाईट आहे. उभा राहायच्या आधीच आनंदी दिसतोय."

मी चिडलो. एखादा बरा झालाच असेल की, म्हणालो. तू शांतपणे म्हणालास की ह्या आजाराला मूळपेशी द्यायच्या तर चाचणीतच द्यायच्या असा नियम आहे, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. "जो पैसे मागतो तो प्रयोग करत नाही, तिकीट विकतो."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून मिटलेलं नाही.

तुझ्या चाचणीत निम्म्या लोकांना पेशी मिळणार होत्या आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे त्याला सांगणार नाहीत. टोचणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसणार. तू हे सांगितलंस तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. "म्हणजे कंबरेचं हाड भोकसून मज्जा काढणार, महिनोन्‌महिने मुंबईला हेलपाटे घालायला लावणार, आणि शेवटी मरणाऱ्या माणसाच्या पाठीत सुई खुपसून मीठपाणी सोडणार? हे पाप आहे, हेम्या!"

मरणाऱ्या. तो शब्द त्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. स्वयंपाकघरात अलकावहिनींचं लाटणं थांबलं. मी जीभ चावली. आणि तू, डाव्या विंगेत बसल्यासारखा, मला म्हणालास, "वाक्य बरोबर आहे. पुढं बोल."

मी पुन्हा खुर्चीत बसलो. मग तूच विचारलंस, "तुझ्या दुकानात माणूस नंबर तपासायला येतो. बाकावर बसल्या बसल्या तक्ता पाठ करतो आणि मग धडाधडा अक्षरं वाचून दाखवतो. तू काय करतोस?"

"तक्ता बदलतो."

"का? तो खोटं बोलतोय म्हणून?"

"नाही रे. त्याला खरंच वाटतं की दिसतंय. दिसायला हवं असतं ना त्याला."

"मलाही बरं व्हायला हवंय," तू म्हणालास. "मला पेशी दिल्यात हे कळलं, की दुसऱ्या दिवशी मी तुला नाचून दाखवीन. अलकाला दिसेल, डॉक्टरला दिसेल, तुला तर आधीच दिसेल. तक्ता बदलायला नको?"

मी आवाज चढवला. तू बदललेला तक्ता नाहीस, माणूस आहेस, असं काहीतरी म्हणालो. तू म्हणालास, मला मीठपाणी मिळालं असेल तर दुसऱ्या कुणाला पेशी मिळाल्यात, आणि तो बरा आहे की नाही हे माझ्या शेजारी उभं केल्याशिवाय कळायचं नाही. मी म्हणालो, मग दुसऱ्या कुणाला तरी उभं कर. तू म्हणालास, "प्रत्येकजण हेच म्हणेल, नंद्या." वहिनी गरम पोळ्या घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दोघंही जेवा आता." दोघंही जेवलो. तुझा घास मी मोडून दिला, तेवढा वेळ भांडण बंद होतं.

मुंबईला गाडी मीच चालवायचो. खरं सांगू? मला ते दिवस आवडत होते. आजारपणामुळं मला तू दिवसभर एकटा मिळायचास. टोचणी झाली की बाहेर येऊन तू मला सगळं रंगवून सांगायचास, कारण तुला माहीत होतं की मला काय आवडेल. सिरिंजला वरून खालपर्यंत चिकटपट्टी गुंडाळलेली. पेशींचं पाणी गढूळ दिसतं, मिठाचं स्वच्छ, ते कुणाला कळू नये म्हणून. "सिरिंजला पडदा!" मी स्टिअरिंगवर हात आपटला. "आणि आत कोण आहे हे नटालाही ठाऊक नाही, दिग्दर्शकालाही नाही! असलं नाटक आपण का नाही बसवलं?" तू हसलास. तोवर तुझं हसणं थोडं लांबत जाऊन उगीच रेंगाळायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, तोही आजाराचाच भाग. मी मात्र तेवढ्यापुरतं ठरवलं की माझा विनोदच चांगला होता.

दुसऱ्या टोचणीनंतर परत येताना घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो. धुकं इतकं की टपरीवाल्याचा फक्त हात दिसत होता. तू गाडीतच बसलेला. मी कप घेऊन आलो तर तू उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे बघत होतास.

"नंद्या," तू म्हणालास, "बघ रे. अंगठा हलला का?"

मी वाकून बघितलं. अंगठा तसाच होता. पुन्हा बघितलं. मी, हेम्या, ज्याला कधी शब्दांची वाण पडली नाही, ज्यानं नसलेल्या गाईची चौकशी केली, तो मी कप हातात धरून उभा. तुझा चेहरा इतका उघडा मी कधी बघितला नव्हता. तुला हवं होतं रे. चपलेचे तळवे बघणाऱ्या तुला, "कदाचित म्हणजे कदाचित" म्हणणाऱ्या तुला, तो अंगठा हलायला हवा होता.

माझ्या ओठांवर "हलला" आलंच होतं. तुला ते दिसलं. तीस वर्षं तू माझं तोंड बघत आलास, पदरचं कधी येतं ते तुला माझ्याआधी कळतं. तू खिडकीकडे तोंड फिरवून हळूच म्हणालास, "नाही म्हण."

"नाही," मी म्हणालो.

"हं," तू म्हणालास. "चहा दे."

तुझा कप मी धरला होता आणि तू पीत होतास, एवढंच.

पुढं मुंबईची मॅडम दर महिन्याला फोन करायला लागली. चाचणीच्या ऑफिसातली ही तरुण मुलगी ठरलेले प्रश्न विचारायची: बोलणं कसं आहे, घास गिळतो का, पेन धरता येतं का, कुशीवर वळता येतं का, जिना चढता येतो का. उत्तराला गुण असायचे. एरवी वहिनी उत्तरं द्यायच्या. त्या दिवशी त्या औषधं आणायला गेल्या होत्या, मी तुला खुर्चीत नीट बसवत होतो, म्हणून फोन शैलानं उचलला. बस. तिला प्रेक्षक मिळाला.

"बोलणं? अहो, स्पष्ट आहे! परवाच फोनवर माझी चूक काढली. हात? हात आता वर जातो. हो हो, स्वतःचं स्वतः आवरतो. सकाळी आरशासमोर उभा राहून भांग पाडतो!"

हेम्या, तुझ्या डोक्यावर पंचविशीपासून केस नाहीत.

मी फस्सकन हसलो. तू हसला नाहीस. तुझा आवाज तोवर गेला होता, फक्त कुजबुज उरली होती, आणि ती कुजबुज इतकी कडक झाली की शैलानं फोन कानापासून दूर धरला. "परत... सांग. सगळं."

"अरे, दोन गुण जास्त मिळाले तर काय बिघडलं?" ती रडकुंडीला आली. "त्यांना वाटू दे ना की फरक पडतोय! मग पुढचं औषध तरी नीट देतील!"

"उद्या... दुसऱ्या कुणाला... हेच देतील," तू म्हणालास. "फरक पडला... म्हणून."

तुला तेवढं बोलायला किती वेळ लागला. शैलाच्या हातून फोन पुढं होईना. मग तो मी घेतला. मी मॅडमला म्हटलं, आधीची उत्तरं जरा बाजूला ठेवा, पहिल्यापासून विचारा. आणि तुझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिलो, म्हणजे तू माझ्या डावीकडे आलास.

"सर, बोलणं समजतं का?"

"फार थोडं," तू कुजबुजलास. "फार थोडं," मी म्हणालो.

"पेन धरता येतं?"

"नाही." "नाही."

"कपडे स्वतः घालतात?"

"नाही." "नाही."

"कुशीवर वळतात?"

"मदतीनं." "मदतीनं."

"जिना?"

तू मध्ये श्वास घेतलास. मी थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मी वाक्य येईपर्यंत थांबलो. "नाही," तू म्हणालास. "नाही," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर शैला तुझ्या पायांशी बसून मनसोक्त रडली, खरीखुरी, नाक लाल होईपर्यंत. तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. त्या प्रयोगात मी पदरचं एक अक्षर घातलं नव्हतं. तुझ्या हाताखाली मी केलेली ती एकमेव शुद्ध भूमिका, आणि तिला टाळी नव्हती.

आपल्या भांडणाचं एक उत्तर मला नंतर सुचलं होतं, हे तुला सांगायचं राहिलं. दुकानात, कुणाच्या तरी डोळ्यांवर काचा बदलताना सुचलं. मी म्हणणार होतो, ठीक आहे, तक्ता बदला. पण हेम्या, तपासणी संपल्यावर मी त्या माणसाला चष्मा देतो. तुला कोण देणार? ही चाचणी संपेल, उत्तर येईल, समजा चांगलंच येईल, तेव्हा मीठपाणीवाले कुठं असतील? ज्यांनी तक्ता वाचला त्यांचं काही देणं लागतं की नाही? मी ते पाठ करून, होय, पाठ करून, संध्याकाळी तुझ्याकडे आलो. तुला श्वासाचा मुखवटा लावलेला होता. तू डोळे मिटून पडलेला. मशीन तुझ्यासाठी श्वास आत ढकलत होतं. वहिनी म्हणाल्या, "आत्ताच डोळा लागलाय." मी थोडा वेळ बसलो आणि निघालो. उद्या बोलू म्हटलं. नंतरच्या उद्यांना तुला ऐकायला जमत होतं, पण उत्तर द्यायला जमत नव्हतं, आणि ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी मी भांडलो नाही. माझं ते वाक्य तसंच आहे. तुझ्याकडे त्यावर नक्की काहीतरी होतं. ते काय होतं हे मी गाडी चालवताना, शटर ओढताना शोधत असतो.

तू गेलास तेव्हा पंचवटीत लाऊडस्पीकरवर कुणाचं तरी लग्न चालू होतं. तुला आवडलं असतं, असं मी म्हणणार नाही. तुला लाऊडस्पीकर आवडत नसे. अस्थी आपल्याच रामकुंडात. लोक कुठून कुठून अस्थी घेऊन इथं येतात आणि तू म्हणायचास की नाशिककराचा तेवढा एक प्रवास तरी वाचतो. वाचला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला विचारलं, "भावजी, यांना मीठपाणीच दिलं असेल, तर यांच्या त्या पेशी अजून तिकडंच असतील ना?" हो, म्हटलं. हाडातून सगळ्यांच्याच काढल्या होत्या. ज्यांना दिल्या नाहीत त्यांच्या गोठवून ठेवल्यात, आणि त्यानं सांगितलंय की त्या संशोधनाला वापरा. "म्हणजे जिवंत?" एका परीनं जिवंत, म्हटलं. त्या म्हणाल्या, "यांना थंडी सोसत नाही हो." आणि लगेच स्वतःच हसल्या, "काय वेड्यासारखं बोलतेय मी." पण त्यांचा हात खुंटीवरच्या तुझ्या तपकिरी स्वेटरकडे गेला होता. शैलाच्या प्रश्नाला मी हसायला गेलो तेव्हा तूच मला गप्प केलं होतंस. मी ह्यालाही हसलो नाही.

आणि काल मुंबईच्या मॅडमचा फोन आला. शेवटची नोंद करायची होती. वहिनींनी फोन माझ्या हातात दिला आणि समोर बसल्या. पोरीचा आवाज जड झाला होता, पण प्रश्न तिनं ठरल्याप्रमाणेच विचारले. तोंडानं अन्न घेणं कधी थांबलं, मुखवटा दिवसाचा किती वेळ लागायचा, शेवटी त्रास झाला का. मी जे होतं ते सांगितलं. त्रास झाला, हेही.

मी विचारलं, "त्याला काय दिलं होतं, हे आम्हाला कधी कळणार?"

"सगळ्या रुग्णांचं पूर्ण झालं की, सर. अजून बराच वेळ आहे. घरच्यांना हवं असेल तर कळवू."

मी वहिनींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "कळवा म्हणावं. पण फोन तुम्हाला करायला सांगा, भावजी. मला तुम्ही सांगा." मग माझ्याकडे अगदी तुझ्यासारखं बघत, "जे असेल ते. पदरचं न घालता."

म्हणजे अजून एक वाक्य शिल्लक आहे, हेम्या. आणि ते मला एकट्याला म्हणायचंय.

मॅडम म्हणाली, "सर, शेवटचा प्रश्न. रुग्णाबद्दल तुम्हाला आणखी काही नोंदवायचं आहे का?"

माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न विचारायचा! चपलेचा तळवा, तो भांग, ती मिसळ, इगतपुरीचं धुकं, "नंद्या, मर आता", सगळं एकदम समोर आलं. त्या पोरीला मी तासभर बसवून ठेवलं असतं, हसवलं असतं, रडवलं असतं. आणि एक वाक्य तर अगदी जिभेवर होतं: की शेवटी शेवटी, मला वाटतं, त्याचा अंगठा जरासा हलला होता.

"नाही," मी म्हणालो. "आणखी काही नाही."

आणि डावीकडे बघितलं. तिथं तुझी खुर्ची होती. तू काही बोलला नाहीस.